ओल्या कपड्यांतली साक्ष

“खुर्चीवर बसू नका. वेत भिजेल. उभ्यानेच सांगा,” असं अध्यक्ष म्हणाले.

मी उभी राहिले. माझ्या कपड्यांतून पाणी फरशीवर ठिबकत होतं. शेजारच्या वेताच्या खुर्चीत माझे साहेब बसले होते. त्यांच्याही कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. आम्ही दोघं एकाच बोटीतून, एकाच शर्यतीतून, थोड्या वेळापूर्वी काठावर उतरलो होतो. पाणी एकाच धरणाचं होतं. मी पदार्थविज्ञान शिकले आहे. ही दोन पाणी वेतावर वेगवेगळा परिणाम करतील याचं कारण मला त्या शास्त्रात कधी सापडलं नाही.

साहेब हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत विभागप्रमुख होते. धरणावरच्या शिडाच्या बोटींच्या क्लबचं सभासदत्व त्यांना आजोबांपासून मिळालेलं. मी नोकरीत नवी, अजून कायम न झालेली. जर्मनीच्या प्रकल्पावर जाणाऱ्या पाच जणांची यादी त्यांच्या सहीने निघणार होती. एक दिवस ते माझ्या टेबलाशी थांबले.

“वजन किती तुझं?”

“अठ्ठेचाळीस, सर.”

“परफेक्ट. रविवारी बोटीवर ये.”

वारा कमी असला की हलका साथीदार असलेली बोट पुढे जाते. माझी निवड एवढ्याच गुणावर झाली होती. तरी मला आनंद झाला, कारण ते पाणी माझ्या ओळखीचं होतं. बाबा पाटबंधारे खात्यात आहेत. यवतमाळहून नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. धरणाच्या पातळीच्या पट्टीवरचा आकडा रोज वाचून कळवायचा, हे त्यांचं काम. आमचं घर भिंतीखालच्या कॉलनीत. भिंतीवर चढलं की पलीकडच्या काठावरची पांढरी शिडं दिसत. लहानपणापासून दिसत. क्लबचं फाटक मात्र मी नोकरी लागल्यावर पाहिलं.

मी तयारी केली. बुधवार पेठेतून एक छोटी मोटर आणली, प्लॅस्टिकचे चेंडू अर्धे कापून तिला लावले आणि वारा मोजायचं यंत्र केलं. चार महिने नोंदी ठेवल्या. दुपारनंतर सिंहगडाच्या बाजूचा वारा उतरतो, तेव्हा डाव्या काठाशी तो मोडतो आणि मध्यावर पुन्हा भरतो. हे साहेबांना नकाशासह दिलं. त्यांनी क्लबात ते ‘माझा थोडा अभ्यास’ म्हणून सांगितलं. मी शेजारीच होते. आम्ही तीन शर्यती जिंकलो.

चौथ्या शर्यतीतला शेवटचा बोया, म्हणजे वळणाची तरंगती खूण. साहेब सुकाणूवर, मी पुढच्या लहान शिडाच्या दोरावर. समोर बघणं हे माझंच काम.

“सर, बोया जवळ आहे.”

“गप. दोर ओढ.”

शिडाखालचा आडवा दांडा बोयावरून घासत गेला. बोया कलला, पुन्हा उभा राहिला.

“लागला, सर.”

“नाही लागला.”

या खेळात पाण्यावर पंच नसतो. बोट बोयाला लागली, तर ज्याची लागली त्याने आपणहून एक पूर्ण फेरी घ्यायची आणि मगच पुढे जायचं. कोणी पाहिलं असो वा नसो. या खेळातली मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच होती. त्या दिवशी आम्ही फेरी घेतली नाही. पहिले आलो. मागच्या बोटीवर एक निवृत्त डॉक्टर बाई होत्या. त्यांनी लाल निशाण लावून तक्रार नोंदवली. म्हणून क्लबची ती खोली, चौकशीला बसलेले अध्यक्ष धरून तीन सभासद, आणि मी उभी.

साहेब बसल्या बसल्या म्हणाले, “हिने दोर उशिरा सोडला. बोट डळमळली, लाट उठली, लाटेने बोया हलला. बोट कुठे लागली? नवीन आहे हो ती. पाण्याची सवय नाही.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “नाव?”

मी सांगितलं.

“पूर्ण.”

मी आडनाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“राहायला?”

“धरणाच्या कॉलनीत.”

“वडील काय करतात?”

“पाण्याची पातळी मोजतात.”

ते शेजारच्या सभासदाकडे झुकले. आवाज बेताने खाली आणला, म्हणजे मला ऐकू येईल एवढाच. “हल्ली बोटीतही राखीव जागा ठेवतात वाटतं.”

तिघे हसले. साहेबही हसले. डॉक्टर बाई हसल्या नाहीत.

“तर, बोट बोयाला लागली का?”

मला माहीत होतं. घासल्याचा आवाजही कानात होता. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता, यादीचा.

“मला नीट दिसलं नाही.”

“दिसणार कसं? या आता. कपडे बदलायची खोली सभासदांसाठी आहे. बाहेर नळ आहे, त्याच्यामागे आडोसा आहे.”

मी नळामागे कपडे बदलले. तक्रार फेटाळली गेली होती. आत टाळ्या वाजत होत्या.

सोमवारी यादी लागली. माझं नाव तिसरं होतं. मला आनंद झाला, हेही इथे लिहिलं पाहिजे. तो संध्याकाळपर्यंत टिकला. मग बाबांना सगळं सांगितलं.

बाबांनी विचारलं, “तुले दिसलं होतं ना?”

“हो.”

“मंग नाही काहून म्हणलं?”

माझ्याकडे उत्तर होतं. जर्मनी. बाबा आकडा घ्यायला निघाले, मी मागोमाग गेले. गुडघे दुखतात त्यांचे. तरी पायऱ्या उतरून, खाली बसून, डोळा पाण्याच्या रेषेला आणूनच त्यांनी पट्टी वाचली. वरून पाहिलं की आकडा चुकतो. मी हे पुस्तकात शिकले. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी एक पान लिहिलं. वाऱ्याची दिशा, बोटीची जागा, दांडा कुठे घासला, मी काय म्हणाले, साहेब काय म्हणाले. शेवटी लिहिलं: मला दिसलं होतं, मी खोटं बोलले. खाली पूर्ण नाव.

पुढच्या रविवारी साहेबांबरोबर पुन्हा पाण्यावर गेले. उतरल्यावर नळाकडे गेले नाही. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. सरळ त्या खोलीत गेले आणि वेताच्या खुर्चीत बसले.

“अहो, खुर्ची,” अध्यक्ष म्हणाले.

“वाळेल.”

मी कागद पुढे ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली, परत दिला.

“हे सगळं खरं आहे असं धरून चालू. पण तक्रारीची मुदत शर्यतीनंतर एक तास. आज आठवा दिवस आहे. आणि आपण सभासद नाही. पुढच्या रविवारी त्रास घेऊ नका.”

निकाल बदलला नाही. फलकावर साहेबांचं नाव सोनेरी अक्षरांत चढलं. साथीदाराच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे. मंगळवारी यादी नव्याने लागली, तिच्यात तिसरं नाव दुसऱ्या कोणाचं होतं. मला कायम करण्याचा निर्णय सहा महिने पुढे गेला. साहेब लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, “आमचा क्रू जरा जड झाला.” लिफ्ट हसली. माझ्या हातात काही नव्हतं. आजही नाही. त्या फाटकाच्या आत मला कोणी घेत नाही, आणि भिंतीवरून शिडं अजून दिसतात.

तो कागद माझ्याकडे आहे. त्यातली एकही ओळ चुकीची नाही, फक्त ती उशिरा आली. आणि तो उशीर त्यांनी केला नव्हता, मी केला होता.

तक्रारीची मुदत एक तास असते. यापुढे मला तेवढा वेळ लागणार नाही.