ओहोटी बारा चाळीसची

वहिनी कवळ्या बनवायच्या. दवाखान्यांतून तोंडांचे साचे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणावर एकेक दात बसवायचा, कवळी पक्की झाली की घासून गुळगुळीत करायची. सव्वीस वर्षं हेच. गल्लीत त्यांना सगळे दातवाल्या वहिनी म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. रस्त्यात कुणी हसून ओळख दाखवली तर त्या आधी दात ओळखायच्या, माणूस मागाहून.

घरी नवरा पलंगावर होता. त्यांना गल्ली ड्रायव्हरसाहेब म्हणे. उभं आयुष्य बस चालवली आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका सकाळी दाढी करता करता उजवी बाजू गेली. त्याला नऊ वर्षं झाली होती. बोलणं जड झालं होतं, पण वहिनींना कळायचं. काही हवं असलं की ते डाव्या हातानं पलंगाच्या लोखंडी दांड्यावर चमचा वाजवायचे. लॅब दोन गल्ल्या सोडून होती, म्हणून वहिनी दुपारी धावतपळत घरी यायच्या. त्यांना भरवायचं, अंग पुसायचं, कूस बदलून द्यायची आणि पुन्हा मशीनपुढं बसायचं. ‘दमलात का?’ असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, “दमायला वेळ कुठंय?” लोकांना तो विनोद वाटायचा.

त्या किनाऱ्याबद्दल त्यांना पहिल्यांदा एका म्हाताऱ्यानं सांगितलं. राष्ट्रीय उद्यानात वनाधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. बोलताना कवळी वाजते अशी तक्रार घेऊन तो थेट लॅबमध्येच आला होता. वहिनी कवळी घासत होत्या आणि तो तोंडावर रुमाल धरून बोलत होता. आमच्या उद्यानातलं जंगल संपतं तिथंच वाळू सुरू होते, म्हणाला. घर नाही, टपरी नाही, बाकडंसुद्धा नाही. दिवसाला वीस माणसांना परवाना मिळतो. जंगलातून पाच किलोमीटर चालायचं, मग खाडीचं तोंड ओहोटीला ओलांडायचं आणि भरतीच्या आत परत फिरायचं. “तिथं कुणी तुम्हाला हाक मारत नाही,” तो म्हणाला. कवळी नीट बसली, म्हातारा निघून गेला. त्याचं वाक्य मात्र वहिनींच्या डोक्यातून जाईना.

उद्यान वर्षातले चारच महिने उघडं असायचं. पहिल्या वर्षी वहिनींनी परवाना मिळवला आणि जायच्या दोन दिवस आधी ड्रायव्हरसाहेबांच्या छातीत कफ भरला. ते दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात गेले. दुसऱ्या वर्षी बॅग भरून झाली होती, तेवढ्यात फोनवर निरोप आला: कासवं अंडी घालायला आली आहेत, किनारा बंद. वहिनींनी बॅग उपसली आणि कपडे घड्या न मोडता कपाटात ठेवले. कासवांवर रागवायचं तरी कसं, असं त्या लॅबमधल्या बाईला म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

तिसऱ्या वर्षी त्यांची नणंद आली. ड्रायव्हरसाहेबांची थोरली बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, एकटी, बोलायला फटकळ. तिनं पंचांगासारखा भिंतीला डकवलेला भरती-ओहोटीचा कागद पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. वहिनींनी सांगितलं. नणंद म्हणाली, “मग जा की. चार दिवस मी बघते याला.”

“वन्सं, तुम्हाला उचलायला जमायचं नाही.”

“माझ्याच आईच्या पोटचा आहे तो. जमवीन.”

वहिनींनी पलंगाकडं पाहिलं. ड्रायव्हरसाहेब छताकडं बघत होते. “जा,” ते म्हणाले. “मी काय धरून ठेवलंय?” हा होकार नव्हता, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तो विषय तिथंच थांबला.

दोन दिवस घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी भरवत असताना ड्रायव्हरसाहेबांनी घास तोंडातच ठेवून विचारलं, गाडी कितीची धरणार? वहिनी म्हणाल्या, साडेसहाची. त्यांनी मान हलवली. साडेसहाची घाटात ट्रकांमागं अडकते, पावणेसहाची धर. त्या मार्गावर त्यांनी अकरा वर्षं गाडी चालवली होती. मग त्यांनी कागद मागवला आणि डाव्या हातानं वाकडीतिकडी रेघ ओढून वळणं दाखवली. डावीकडची खिडकी घे, उन्हं उजवीकडून येतात. तिसऱ्या थांब्याचं पाणी पिऊ नको. उद्यानाच्या फाट्यावर गाडी थांबत नाही, ड्रायव्हरला आधीच सांगून ठेव. ओहोटी कितीची, त्यांनी विचारलं. बारा चाळीसची, वहिनी म्हणाल्या. ड्रायव्हरसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. चालायला दीड तास, म्हणजे दहाच्या आत उद्यानाच्या चौकीवर पोचायला हवं. मग रोज दुपारी तोच विषय निघू लागला. कितीतरी वर्षांत ते दोघं औषधाशिवाय दुसऱ्या कशावर इतकं बोलले नव्हते.

वहिनी गेल्या. पावणेसहाची गाडी मिळाली, डावीकडची खिडकी मिळाली. चौकीवर एका तरुण वनरक्षक बाईनं परवाना तपासला आणि सात-आठ जणांना घेऊन ती निघाली. पाच किलोमीटर वहिनींना जड गेले. खाडीत पाणी गुडघ्यापर्यंत होतं. पलीकडं चढून आल्या आणि समोर सगळं तसंच होतं, म्हाताऱ्यानं सांगितलं होतं तसं. लांबलचक वाळू, तिच्यावर खेकड्यांनी रचलेल्या बारीक गोळ्या, लाटांनी आणून टाकलेला एक पांढरा पडलेला ओंडका, मागं जंगल. वहिनींनी मनाशी ठरवलं होतं की आधी टोकापर्यंत चालायचं, मग पाण्यात उभं राहायचं, मग डबा खायचा. जरा पाठ टेकू, म्हणून त्या ओंडक्याला टेकल्या.

“बाई, उठा. पाणी भरायला लागलंय.”

वनरक्षक बाई खांद्याला हात लावून हलवत होती. डोक्यावर छत्री होती, वाळूत रोवलेली. तिचीच असणार. वहिनींनी घड्याळ पाहिलं. दोन वाजायला आले होते. “मघाशी दोनदा हाक मारली,” वनरक्षक बाई म्हणाली. “मग म्हटलं, राहू दे.” बाकीची माणसं खाडीच्या वाटेला लागली होती. वहिनींनी डबा तसाच पिशवीत टाकला, समुद्राकडं एकदा नीट पाहून घेतलं आणि त्यांच्यामागून चालू लागल्या. वाईट वाटलं का, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. पाय जड होते, पण डोकं कधी नव्हे ते हलकं होतं.

दुसऱ्या दिवशी घरी पोचल्या तर ड्रायव्हरसाहेब उशीला टेकून बसले होते. घाट कसा होता, गाडी नवी की जुनी, फाट्यावर थांबली का, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, “आणि किनारा?”

खोटं बोलता आलं असतं. म्हाताऱ्याचं वर्णन तोंडपाठ होतं. पण वहिनी म्हणाल्या, “झोपले हो. गेल्या गेल्या झोपले, ते निघायच्या वेळेला उठवलं.”

नणंद हसायला लागली आणि मधेच थांबली. ड्रायव्हरसाहेबांनी तोंड भिंतीकडं केलं. मग ते जड जिभेनं म्हणाले, “इतकी दमलीस, आणि मला दिसलं नाही.” वहिनींना यावर काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. नेहमी त्या बोलायच्या. या वेळी त्या गप्प बसल्या, आणि ते गप्प बसणं त्यांना बरं वाटलं.

चौथ्या दिवशी नणंद परत जाणार होती, ती गेली नाही. भावाचं अंग आपण पुसू, दुपारचं आपण भरवू, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. पुढं ती दर महिन्याला आठ-दहा दिवस येऊन राहू लागली. तिच्या हातचं भरवणं ड्रायव्हरसाहेबांना आवडेना, ती त्यांना रागवायची, तेही उलटून बोलायचे, आणि वहिनी दुपारी लॅबमध्येच डबा खायच्या, खुर्चीत पाय वर घेऊन. थकवा काही लगेच गेला नाही. नऊ वर्षांचा होता तो. पण लॅबमधल्या बाईनं एकदा दमलात का म्हणून विचारलं, तेव्हा वहिनी हातातली कवळी खाली ठेवून म्हणाल्या, “हो, खूप.”