न दिसणारी आग

“दस्तगीर गेला,” एवढंच फोनवर ऐकलं आणि माझ्या तोंडातून पहिली शिवीच निघाली. झोपेतच गेला म्हणे. जन्मभर आरडाओरडा करणारा माणूस असा गुपचूप जातो… याचा मला अजून राग आहे. कारण त्याची माफी मागायची राहिली, ती मी अकरा वर्षं पुढं ढकलत होतो.

उद्यमनगरात आमचं डिझेल इंजिनांचं वर्कशॉप होतं. तो फिटर, मी टर्नर. हातात चुकीचा वायसर दिला तरी तो पाना भिरकवायचा. त्याची बहीण रत्नागिरीकडं खाडीकाठी दिलेली. तिच्या नवऱ्याची, म्हणजे दाजींची, माणसं पैलतीरी नेणारी लाँच होती. तिचं डिझेल गळायचं, पाण्यावर तवंग यायचा, जाळ्यातली मासळी वास मारायची. एक दिवस मच्छीमारांनी दाजींना लाँचमधून ओढून वल्ह्यांनी बडवलं. बरगड्या मोडल्या. दस्तगीर लोखंडी गज घेऊन निघाला, सोबत मी. तिथं एका म्हाताऱ्या कोळ्यानं गजाकडं बघितलंही नाही, मासा उचलून त्याच्या नाकाला लावला. “घे वास. खाशील?” दस्तगीरचा हात खाली आला.  परतताना आंबा घाटात तो म्हणाला, “मिल्या, सांडलं तर पाण्यात मिसळून जाईल असं कायतरी जाळाय पायजे.”

ते सापडलं कागलकडं. एका साखर कारखान्यात मळीपासून स्पिरिट व्हायचं. काळा धूर नाही, तवंग नाही. आठ महिने आम्ही दाजींच्या इंजिनाशी झुंजलो. ठिणगीसाठी प्लग बसवला, सिलिंडरवरची दोन हेड तडकली, तीन वेळा एकमेकांची गचांडी धरली. शेवटी एका रणरणत्या दुपारी ते वर्कशॉपच्या अंगणात धडधडत सुटलं. धुराचा मागमूस नाही! त्या आनंदात मी डिझेलवाला कुणीही करतो तेच केलं. ग्रीसनं माखलेले हात इंजिनाखालच्या ट्रेत बुडवून धुतले. पंधरा वर्षांची सवय. ट्रेत स्पिरिट होतं, हे डोक्यातच आलं नाही.

ठिणगी कुठून पडली कळलं नाही. स्पिरिटची आग उन्हात दिसत नाही. हाताला चटका बसतोय न बसतोय तोच दस्तगीरनं मला जमिनीवर आपटलं, छातीवर बसला आणि ओल्या गोणपाटानं हाणत सुटला. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. हाताशी पाना होता. तो मी जिवाच्या आकांतानं त्याच्या तोंडावर मारला. त्याच्या डाव्या डोळ्यातून रक्ताची धार लागली. तशाच अवस्थेत त्यानं मला फरफटत नेऊन माझे हात पाण्याच्या टाकीत दाबून धरले. पाण्यात माझी कातडी सुटून तरंगायला लागली, तेव्हा मला कळलं की मी पेटलो होतो आणि तो मला विझवत होता.

दवाखान्यात त्यानं सांगितलं, “इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरून तोंडावर बसलं.” डोळा गेला. मी तिथंच बसलो होतो आणि गप्प राहिलो. पुढं त्यानं मला प्रत्येक गोष्टीवरून झापलं, या एकीवरून कधीच नाही.

इंजिन खाडीत एक हंगाम चाललं. लाँचमधून एका डोळ्यानं मागं वाकून बघत तो ओरडला होता, “बघ की लेका, पाणी कसं पाण्यावानी दिसतंय!” मग परवाना नाही म्हणून स्पिरिट बंद झालं, लाँच पुन्हा डिझेलवर गेली. त्या दिवशी त्यानं घणानं हेडचा चुरा केला आणि ढसाढसा रडला.

तो गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी त्याच्या बायकोला, भाभींना म्हणालो, “ते हँडल न्हवतं. मी मारलतं.”

“ठावं हाय, भावजी,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यातच सांगिटलतं त्यांनी. म्हणले, मिल्याला कळू दिऊ नको, त्यो लाजंनं वर्कशॉप सोडून जाईल.”

त्यांनी वाढलेलं ताट माझ्यापुढं तसंच राहिलं.

आता वर्कशॉपात मी एकटाच असतो. खिडकीत त्याची मिठाची बरणी आहे. त्या आगीनंतर तो रोज ट्रेत मीठ टाकायचा, कारण मिठानं स्पिरिटची ज्योत पिवळी होते आणि दिसते. डिझेल परत आलं तरी त्यानं हे सोडलं नाही. मी हसलो की म्हणायचा, “तुझा काय भरवसा?” काल बरणी उघडली तर मिठाचा खडा झाला होता. माझी भाजलेली बोटं नीट मिटत नाहीत. त्या बोटांनीच तो फोडला, चिमूटभर ट्रेत टाकलं आणि कामाला लागलो.