मागच्या दिव्याची तार

परवा नातीच्या स्कूटरची तार जोडताना मेकॅनिकने सोल्डर वितळवलं आणि त्या जळक्या राळेच्या वासाने मी पिंपरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पोचलो. सत्तरच्या दशकातली खंडेनवमी होती.

चऱ्होलीचा फिटर सखाराम माझा मित्र. त्याने चिखलातल्या शर्यतीची जुनी मोटारसायकल घेतली होती. तिला दिवे नव्हतेच. ते मी बसवत होतो. पुढचा लागला. मागच्याचा एक सांधा राहिला, तेवढ्यात फेटा बांधून साहेब आले आणि माझं सोल्डरिंग आयर्न झेंडूखाली पूजेला गेलं.

"एक टाका मार की राव, जाताना अंधार पडंल," सखाराम म्हणाला.

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाई," फोरमन गुरगुरला.

यंत्रदेवतेवरच्या साहेबांच्या भाषणाला मी मनात हसत होतो. पण चार फुलं बाजूला सारायची हिंमत झाली नाही. तार नुसती पिळून दिली.

"उद्या पक्की करू."

"व्हय, उद्या," म्हणत तो निघाला.

खड्ड्यांत ती तार सुटली. मागून ट्रक आला. सखाराम जागीच गेला.

कित्येक वर्षं मी फोरमनला दोष दिला. ड्रायव्हरने पोलिसांना सांगितलं होतं, पुढे काहीच दिसलं नाही. सगळ्यांनी त्याला खोटारडा ठरवलं. तो खरं बोलतोय, हे एकट्या मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.