पुरुषांना फुकट, बायकांना दहा पैसे

कलकत्त्यात चार मराठी बायका रोज एकत्र बसनं गार्डन रीचच्या ऑफिसला जायला लागल्या, की किस्से आपोआप साठतात. त्यातले चारचौघांत सांगायचे नाहीत म्हणतात ते मी आधी सांगते!

*

आम्ही बस बदलायचो त्या स्टँडवर एकच शौचालय. पुरुषांना फुकट, बायकांना दहा पैसे. ठेकेदार दत्तबाबू दारातच टेबल टाकून बसायचे. आमची शकुताई जन्मानं कलकत्त्याची, बंगालीत भांडणारी. तिनं विचारलं, "आम्हालाच का?"

"दीदी, बायकांना दार लागतं. दाराला खर्च येतो."

"मग त्या दाराला कडी का नाही?"

दत्तबाबू पान चघळत राहिले.

*

कुसुम पुण्याहून नवीन आलेली. पैसे द्यायचे नाहीत म्हणून हट्टानं सकाळपासून पाणीच प्यायची नाही. एकदा भर वैशाखात टाइपरायटरवरच चक्कर येऊन पडली. डॉक्टर रागावले, "अहो, पाणी प्या, पाणी!"

डोळे न उघडताच कुसुम म्हणाली, "प्यायला फुकटच आहे हो, डॉक्टर!"

*

आमचे हे म्हणाले, "दहा पैशांसाठी एवढा तमाशा?"

"तुम्ही शेवटचे कधी दिलेत?"

त्यांनी पेपर उघडला. राग दहा पैशांचा नव्हताच. निसर्गानं सगळ्यांना सारखी दिलेली घाई, आणि दर फक्त आमच्या घाईला, याचा होता. आजही आहे!

*

मग एका सकाळी शकुताईकडे नेमकी एक रुपयाची नोट. तेव्हा शहरात सुट्ट्या नाण्यांचा दुष्काळ. दत्तबाबूंनी नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. "खुचरो आणा. सुटे नाहीत."

शकुताई तशीच बसमध्ये चढली. गार्डन रीचपर्यंत दांडा धरून, ओठ आवळून उभी. ऑफिसात पोचल्यावर धावली. बाहेर आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. एवढंच बोलली, "शनिवारी घेराव!"

*

त्या काळी कलकत्त्यात गिरणीपासून कॉलेजपर्यंत रोज कुठं ना कुठं घेराव असायचा. साहेबाला मधे बसवायचं, मागणी मान्य होईपर्यंत उठू द्यायचं नाही. आमचा पहिलाच. शनिवारी हाफ डे संपल्यावर शौचालयासमोरची दत्तबाबूंची हिशेबाची खोली आम्ही भरून टाकली. विणकाम आणलं, चिवडा आणला. घोषणा येत नव्हत्या, म्हणून आरत्या म्हटल्या. पाहुणचारात कसूर नको म्हणून दत्तबाबूंना चहा पाजला. तीनदा!

"दर रद्द करा," शकुताई म्हणाली.

"अशक्य!"

संध्याकाळ झाली. दत्तबाबू खुर्चीत चुळबुळ करायला लागले. मग उभे राहिले.

"दीदी, जरा... समोरच जाऊन येतो."

"या ना. दहा पैसे."

"अहो, पुरुषांना फुकट आहे!"

"खोलीचं दार आमच्याकडे आहे. दाराला खर्च येतो."

दत्तबाबूंनी घाईघाईनं खिसे चाचपले आणि पाच रुपयांची नोट काढली.

शकुताईनं नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. सुईवर पुढचा टाका घेत म्हणाली,

"खुचरो आणा."