पारसशेठच्या दुकानातले काळे टी-शर्ट

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते साचतात. दाराआडच्या खुंटीवर कपडे साचतात ना, तसे. एकावर एक टाकत जायचं, आणि कधीतरी खालचा एक ओढायला जावं तर वरचे चार अंगावर! आम्ही मित्र अजून भेटलो की असंच होतं. कुणाला तरी एक टी-शर्ट आठवतो आणि चहा गार होतो.

मंडळी चारच. एक मी; दुसरा नितीन ऊर्फ नित्या, ओतूरच्या पेठेतल्या कापड दुकानदाराचा मुलगा; तिसरा पक्या, मोटारसायकली दुरुस्त करणारा; आणि चौथा भागा, तळेघरच्या डोंगरातून शिकायला आलेला, होस्टेलवर राहणारा. काळ नव्वदच्या दशकातला. पक्या सोडून सगळे कॉलेजात. पक्याचं कॉलेज म्हणजे गॅरेज!

इंग्रजी गाण्यांचं वेड नित्यानं लावलं. पुण्याला मामाकडे गेला की कॅसेटी भरून आणायचा. त्यातलं निम्मं आम्हाला कळायचं नाही आणि उरलेलं निम्मं चुकीचं कळायचं. पण दुकानामागच्या खोलीत टेप लावला की चौघंही गप्प.

टी-शर्ट आले ते मात्र चुकून. नित्याचे वडील पारसशेठ. घराणं मूळचं राजस्थानचं, पण ओतुरातच जन्मलेले, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांनी मुंबईहून एक्स्पोर्टच्या मालाचा गठ्ठा मागवला. लहान मुलांचे कपडे येणार अशी समजूत. गठ्ठा फोडला तर आत नुसते काळे टी-शर्ट! आमच्या जन्माच्या आधीच्या परदेशी बँडची चित्रं छापलेली. कवट्या, पंखांचे घोडे, जळणारी गिटार, खांद्यापर्यंत केस वाढवलेली माणसं.

शेठ कपाळाला हात लावून बसले. "नितीन, ही भुतं ओतुरात कोण अंगावर घालणार?"

नित्याला रडू फुटायचंच बाकी होतं. "पप्पा, हे सगळे माझ्या ओळखीचे आहेत!"

*

पहिलं गिऱ्हाईक कोण असावं? बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करणारे दगडूभाऊ! आले होते टॉवेल घ्यायला. भिंतीवर एक टी-शर्ट टांगलेला, त्यावर बैलाची कवटी, ही एवढी शिंगं. दगडूभाऊ टॉवेल विसरले.

"शिंगं बघा राव! काय सरळ गेल्यात!"

नित्या प्रामाणिक. म्हणाला, "भाऊ, ती कवटी हाय."

"असू दे की. जित्तं असताना काय जनावर असंल!"

पुढच्या बाजाराला भाऊ पायजम्यावर तो टी-शर्ट आणि डोक्याला फेटा अशा थाटात उभे राहिले. आठवड्यानं पुन्हा दुकानात हजर. शेठना वाटलं, परत करायला आले. भाऊ म्हणाले, "गिऱ्हाईक आधी छातीकडं बघतंय, मंग बैलाकडं. जोडी गेली! आता म्हशीचा हाय का?"

त्या दिवसापासून शेठनी भुतं दुकानाच्या दर्शनी भागात लावली.

*

नित्या आमचा स्टाइलचा मास्तर झाला. टी-शर्ट आत खोचायचा नाही. इस्त्री करायची नाही. बाही एकदाच दुमडायची. "आणि देवळात जाताना?" भागानं विचारलं. "जाताना खोच. बाहेर आलास की काढ!"

माप परदेशी. पक्या टी-शर्टाच्या आतल्या आत वळू शकायचा. पण कापून घ्यायचा विषय काढला की नित्याचा चेहरा पडायचा. म्हणायचा, "चित्राला धक्का लागंल."

माझ्या एका टी-शर्टाच्या पाठीवर त्या बँडच्या दौऱ्यातली गावं छापली होती, एकाखाली एक. जुन्नरहून ओतूरला एस.टी.नं येत होतो, दांड्याला धरून उभा. मागे कंडक्टर आला आणि थांबलाच. तिकिटं राहिली बाजूला, तो माझी पाठ वाचतोय.

"ही कसली गावं रं?"

"बँडच्या दौऱ्याची हायत, मास्तर. हितं हितं त्यांचे कार्यक्रम झाले."

त्यानं पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. "ह्यात नारायणगाव कुठाय?"

"न्हाई."

"नारायणगाव न्हाई?" तमाशाचे फड जिथं राहुट्या ठोकतात, जिथून गावोगावच्या सुपाऱ्या ठरतात, ते नारायणगाव! कंडक्टरनं तिकीट फाडून माझ्या हातात ठेवलं. "मंग कसला दौरा!"

अख्खी गाडी हसली. मी लाजलो, पण नित्याला ते पटलं. त्यानं कापडावर चालणारा पांढरा रंग आणला आणि शेवटच्या गावाखाली, त्याच वळणाच्या इंग्रजी अक्षरात, नारायणगाव लिहिलं. इतकं बेमालूम, की पुढे पुण्यातल्या एका पोरानं मला फार आदरानं विचारलं, "हे कुठल्या देशात आलं?"

*

पुढचा गठ्ठा विटक्या मालाचा होता. मुद्दाम जुना दिसेल असा केलेला. रंग उडवलेला, गळ्याशी दोन-तीन भोकं पाडलेली. नित्या म्हणाला, पुण्यात हीच फॅशन आहे. मी घेतला.

आईनं तो दोरीवर पाहिला आणि तशीच पायात चपला घालून दुकानात. मी मागे पळतोय.

"शेठ, पोराला शेंडी लावली व्हय? ह्यो वापरलेला हाय."

पारसशेठ बिचारे उठून उभेच राहिले. नित्यानं समजावलं, "काकू, नवाच हाय. तो मुद्दाम जुना केलाय."

"मुद्दाम?" आईला काही केल्या ते पटेना. "आमच्या घरी ह्याच्या बापाचे सदरे हायत असले. आणू का इकायला?"

शेठ हात जोडून म्हणाले, "वहिनी, ते जुने झालेत. हे जुने केलेत. भाव केलेल्याला आहे, झालेल्याला नाही. मलाही समजत नाही."

आई टी-शर्ट घेऊन परत आली. संध्याकाळी पाहतो तर तिनं सगळी भोकं रफू केलेली! काळा दोरा संपला होता, म्हणून पोपटी दोऱ्यानं. बारीक, गोल, चांदण्यांसारखी रफू. मी पार वैतागलो. पण ती एवढी खूश होती, की तोच घालून पुण्याला गेलो.

तिथल्या एका कॉलेजच्या कँटीनमध्ये एक मुलगा जवळ आला, गळ्याशी वाकून बघायला लागला. "ए, हे कुठे मिळतं?"

"ओतूरला."

"मला आणशील?"

मी म्हटलं, "ऑर्डर घेत न्हाईत."

घरी आल्यावर आईला हे सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई नसंल त्याच्या घरी. घिऊन ये त्याचा, शिवून देते."

*

पारसशेठ टी-शर्ट चित्रावरनं ओळखायचे. जुन्नरहून पोरं येऊन बँडचं नाव सांगायची, तर शेठ म्हणायचे, "नाव नको, चित्र सांग. घोडा का आग?" पण माणूस मनातनं अस्वस्थ. एक दिवस दुपारी दुकान रिकामं असताना म्हणाले, "नितीन, आपण विकतो ते गातात काय, ते एकदा मला ऐकव."

आम्ही हरखलो. नित्यानं त्यातल्या त्यात शांत कॅसेट लावली. गादीवर मांडी घालून, डोळे मिटून शेठनी पूर्ण एक बाजू ऐकली. मधे गिऱ्हाईक आलं, त्याला हातानंच बस म्हणाले. तेही ऐकत बसलं!

टेप खट्‌कन बंद पडला. आम्ही चौघं शेठच्या तोंडाकडे बघतोय.

शेठनी डोळे उघडले. "भाषा समजली नाही. पण माणूस फार दुःखात आहे." मग नित्याला म्हणाले, "ह्याच्या टी-शर्टाला घासाघीस करायची नाही."

*

पक्याला मुलगी बघायला घोडेगावला जायचं ठरलं. वडिलांनी दम भरला, "ती भुतं घालून आलास तर गाडीत घेणार न्हाई." पक्यानं पांढरा शर्ट घातला. पण आत? आत जळणाऱ्या गिटारचा टी-शर्ट! "शर्टात लई एकटं वाटतं," असं आम्हाला म्हणाला होता.

बैठक बसली. मुलगी, सुनीता, पोहे घेऊन आली. पाठोपाठ पाण्याचा तांब्या घ्यायला पक्या वाकला आणि तांब्या कलंडला तो थेट छातीवर. पांढरा शर्ट ओला होऊन अंगाला चिकटला, आणि आतली गिटार पेटली!

मुलीचा मामा चष्मा पुसून बघायला लागला. पक्याचे वडील छताकडे.

कुणीतरी वेळ मारून न्यायला म्हणालं, "मुलीला काय इचारायचं आसंल तर इचारू द्या."

सुनीतानं मान वर केली. "आत काय लिवलंय?"

पक्याचं इंग्रजी दहावीलाच राहिलं होतं. तो म्हणाला, "मला बी म्हाईत न्हाई. चित्र आवडलं म्हणून घेतला."

घरी येईपर्यंत वडिलांनी त्याला फाडून खाल्लं. पण दोन दिवसांनी होकार आला. लग्नानंतर आम्ही सुनीतावहिनींना विचारलं, काय बघून हो म्हणालात? त्या म्हणाल्या, "आधी दोन येऊन गेले व्हते. त्यांना सगळंच म्हाईत व्हतं."

*

आता भागाच्या आईचं सांगतो.

भागानं त्या पहिल्या गठ्ठ्यातला एक टी-शर्ट घेतला होता. चार लांब केसवाले गाणारे, ओळीनं उभे. सुट्टीत तो घालून तळेघरला घरी गेला. शेवटची एस.टी. चुकली, मग डोंगरातनं चालत. आईनं दारात पाण्याचा तांब्या दिला आणि त्याच्या छातीकडे बघत राहिली.

"हे चौघं कोण रं?"

"गाणारे हायत, आये. परदेशातले."

तिनं एकावर बोट ठेवलं. "ह्यो लई वाळलाय. जेवत न्हाई का काय?"

खरंच, त्यातला एक फार हडकुळा होता. तोच मुख्य गायक. त्याचीच कॅसेट भागा सगळ्यात जास्त ऐकायचा. भागा हसत म्हणाला, "जेवत आसंल की."

परत निघताना तिनं नाचणीचे पापड बांधून दिले. वर सांगितलं, "त्या वाळक्याला बी दे."

तिला काय वाटत होतं कोण जाणे. पण त्यानंतर भागा कधीही घरी गेला की जेवायला बसल्यावर पहिला प्रश्न हाच. "आन् तो वाळका कसा हाय?" भागा म्हणायचा, "बरा हाय, आये." पापडांचं गाठोडं होस्टेलवर यायचं. वाळक्याच्या वाटचे आम्ही खायचो.

वर्षं गेली. मी पुण्यात नोकरीला लागलो, भागा घोडेगावला शिक्षक झाला. आणि एक दिवस पेपरात, आतल्या पानावर, चार ओळींची बातमी. तो गायक गेला. आजारी होता म्हणे.

त्या रविवारी आम्ही चौघं नित्याच्या दुकानामागे जमलो. टेप लावला नाही कुणी. भागा नुकताच गावाकडनं आला होता. मी विचारलं, "आईला सांगितलंस?"

तो मान खाली घालून म्हणाला, "ताट वाढता वाढता तिनं इचारलं राव. मी म्हणलं, बरा हाय."

पुढं त्यानं कधी सांगितलंच नाही. आणि ती विचारायची थांबली नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी समीर नावाच्या ऑफिसातल्या मित्राला घेऊन भीमाशंकरला निघालो होतो. श्रावण लागायचा होता. तळेघरच्या अलीकडे रस्त्यालगतच्या खाचरात बाया भात लावत होत्या. वाकलेल्या, गुडघाभर चिखलात. चिखल उडतो म्हणून लुगड्यावर घरातल्या गड्यांचे जुने शर्ट चढवतात बाया. त्यातल्या एकीच्या अंगावर तो टी-शर्ट! काळ्याचा राखाडी झालेला. पण चौघं जागेवर.

मी गाडी थांबवली. भागाची आईच ती. बांधापर्यंत आली, चिखलाचा हात मागे धरून दुसऱ्या मनगटानं माझा गाल पुसल्यासारखा केला. "वाळलास रं," म्हणाली.

समीर इंग्रजी गाण्यांचा दर्दी. तो डोळे फाडून टी-शर्टाकडे बघत होता. "मावशी, हे कोण आहेत माहितीये तुम्हाला?"

"व्हय की. गाणारे."

"हा हडकुळा आहे ना, हा वारला. केव्हाच."

मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

मावशीनं एकदा छातीकडे पाहिलं. मग मान वळवून बांधाकडे. लांबून भागा येत होता, सुट्टी काढून लावणीला आलेला, डोक्यावर रोपांच्या जुड्या. मावशी पुढे झाली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हाईत हाय, बाबा. पर भागाला सांगू नको."

भागा जवळ आला. आम्हाला बघून जुड्या खाली टाकल्या, मिठी मारली, हसला. मावशी पुन्हा खाचरात उतरली होती. एक जुडी उचलून, वाकता वाकता तिनं मोठ्यानं विचारलं, "काय रं भागा, तो वाळका बरा हाय ना?"

भागा म्हणाला, "बरा हाय, आये."