वैजनाथचा नेम आणि दोनशे किलोमीटर

वैजनाथ तिडके अकरा वर्षं माझ्या हाताखाली काम करतोय, पण त्याला हाताखालचा म्हणणं धाडसाचं आहे. सांगितलेलं काम तो चोख करतो आणि न सांगितलेलं त्याहून चोख. माणूस परभणीकडचा. नांदेडला इंजिनिअरिंग करून पुण्यात आला तेव्हा कोथरूडच्या एका खोलीत सहाजण राहायचे. हिंजवडीची कंपनीची बस चुकली की हा कुणाची तरी सायकल मागून चांदणी चौकाचा चढ चढायचा आणि घामाने निथळत ऑफिसात हजर व्हायचा. मला तो वेडा वाटायचा. पुढे त्याच्याच नादाने मी बावन्नाव्या वर्षी गिअरची सायकल घेतली, आणि वेडं कोण हा प्रश्न निकालात निघाला.

आम्ही दोघं लांब पल्ल्याच्या राइडना जायला लागलो. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. मधल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा आणि वेळेत परत यायचं. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. आमच्या सोसायटीतले लोक विचारायचे, ‘‘मिळतं काय त्यात?’’ मी सांगायचे, ‘‘तुमच्यापासून तेरा तास सुटका.’’

वैजनाथच्या बायकोला, रुपालीला, दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले होते. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा त्याची आई मुक्ताई गावाकडून पुण्यात येऊन राहिली. आषाढात चातुर्मास सुरू झाला तसा तिने लेकाला नेम घातला. घराच्या उंबऱ्याबाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. पाणी चालेल, बाकी काही नाही. फळ असलं तरी आधी घरात आणायचं, देवापुढे ठेवायचं, मग खायचं. आणि हे कार्तिकात संपणार नाही, लेकरू पदरात पडेपर्यंत पाळायचं. ‘‘देवाला बोललेय मी,’’ ती त्याला म्हणाली. ‘‘मोडलास तर लेकराचं काही खरं नाही.’’

मी देवाचा नाद सोडून तीस वर्षं झाली. त्यानेही माझी चौकशी केलेली नाही. त्यामुळे ऑफिसच्या कँटीनमध्ये वैजनाथ चहासुद्धा नाकारायला लागला तेव्हा मी मनसोक्त चिडवून घेतलं. तो हसायचा, पण चहा घ्यायचा नाही. एकदा मी म्हणाले, ‘‘तू बीएस्सी, बीई, काय ते सगळं झालास ना रे?’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, दोन गेलेत. तिसऱ्याला मी लॉजिक लावत बसणार नाही.’’ मी विषय बदलला.

सप्टेंबरातल्या राइडला तो येईल असं वाटलं नव्हतं. आला. ‘‘लेकरू आल्यावर कुठलं जमायला? ही शेवटची,’’ म्हणाला. पाठीवरच्या पिशवीत रुपालीने रात्री केलेले धपाटे आणि शेंगदाण्याचे चार लाडू होते. सोलापूर रस्त्याने भिगवणपर्यंत जायचं आणि परत.

जाताना वारा पाठीशी होता. लाडू त्याने यवत आणि कुरकुंभच्या मध्ये संपवले. भिगवणला शिक्का घेतला, सावलीत बसलो, आणि त्याने धपाट्यांची पिशवी सोडली. वास आधी माझ्याकडे आला. ताकात मळलेले धपाटे रुपालीने गरम असतानाच प्लास्टिकमध्ये बांधले होते. सहा तासांच्या उन्हात ते आंबून चिकट झाले होते. त्याने एक तुकडा तोंडात घातला आणि थुंकून टाकला.

‘‘मिसळ सांगते,’’ मी म्हणाले.

‘‘नको.’’

‘‘केळं? केळ्याला झाडावर कुणी शिजवत नाही.’’

‘‘मॅडम, नको म्हणलं ना.’’

तिथे मी थांबायला हवं होतं. फोन करून गाडी मागवायची, सायकली टपावर टाकायच्या, विषय संपला. तसं करायच्या ऐवजी मी म्हणाले, ‘‘मग रुपालीला सांग, भिगवणला डबा पाठव म्हणावं.’’ आणि त्याच्यासमोर मिसळ खाल्ली. ती मिसळ मला आजही आठवते आणि आजही स्वतःची लाज वाटते. बरोबरचे बाकीचे सायकलवाले पुढे निघून गेले होते. परतीला शंभर किलोमीटर राहिले होते आणि पश्चिमेचा वारा आता तोंडावर होता.

पाटसपर्यंत तो बोलत होता. चौफुल्यापर्यंत हो-नाही करत होता. यवतच्या पुढे तो गप्प झाला आणि मला बरंच वाटलं, कारण मीही दमले होते. शरीरातली साखर संपते तेव्हा काय होतं ते आम्हा सायकलवाल्यांना तोंडपाठ असतं. आधी पाय जड होतात, मग घाम गार येतो, मग डोकं जातं. दुसऱ्याच्या बाबतीत हे ओळखायचं असतं, आणि मी ओळखलं नाही.

उरुळी कांचन सोडल्यावर मी मागे वळून पाहिलं तर तो रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आत नव्हता. ट्रकच्या लेनमध्ये होता. सरळ सायकल चालवत होता, अगदी सरळ, जणू रस्ता त्याच्यासाठीच बांधलाय. मागून चौदा चाकी कंटेनर येत होता आणि हॉर्न असा वाजत होता की माझे दात हलले. वैजनाथने मान वळवलीसुद्धा नाही. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. कंटेनर त्याच्या खांद्याजवळून गेला आणि त्या वाऱ्यानेच तो डावीकडे ढकलला गेला.

मी सायकल टाकून धावले. तोवर तो उतरला होता. हेल्मेट काढून त्याने डांबरावर नीट उपडं ठेवलं आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. रस्त्यात. मी त्याला काखेत धरून मातीवर ओढलं. अंग गार, शर्ट ओला, उन्हात त्याचे दात वाजत होते. डोळे माझ्याकडे होते पण माझ्यावर नव्हते.

‘‘वैजनाथ, मी कोण?’’

‘‘मानवतला उतरायचं आपल्याला,’’ तो म्हणाला, परभणीकडच्या रेल्वेत बसल्यासारखा. ‘‘गाडी थांबत नाही तिथं.’’ आणि रडायला लागला. छत्तीस वर्षांचा, दोन टीम सांभाळणारा माणूस. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. नवरा गेला तेव्हाही नाही. तेव्हा डॉक्टर होते, भाऊ होता. इथे मी होते आणि ट्रक होते.

माझ्या खिशात गूळ-शेंगदाणे होते. मी गुळाचा खडा त्याच्या ओठांना लावला. त्याने तोंड घट्ट मिटलं. त्याला आपण कुठे आहोत ते कळत नव्हतं, मी कोण ते कळत नव्हतं, पण नेम कळत होता. मी बोटांनी जबडा उघडायला गेले तर त्याने माझा हात झटकला. डोळे मिटायला लागले. ‘‘झोपतो थोडं,’’ म्हणाला.

‘‘घरचंय रे!’’ मी म्हणाले. ‘‘रुपालीनं दिलंय. सकाळी माझ्याकडे दिलं, तू विसरशील म्हणून.’’

‘‘घरचं?’’

‘‘घरचं. देवापुढे ठेवलेलं.’’

त्याने लहान मुलासारखं तोंड उघडलं. एक खडा विरघळला, मग दुसरा, मग पाण्यातून तिसरा. पंधरा मिनिटं मी त्याची नाडी धरून बसले होते. मग त्याने विचारलं, ‘‘मॅडम, लोणी काळभोर गेलं का?’’ आणि मी रडले. टेम्पोत सायकली टाकून घरी आलो. घरी काही सांगायचं नाही, असं त्यानेच मला बजावलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. आठव्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला. रुपालीला रक्तस्राव झालाय, ॲडमिट केलंय.

मला आधी काही वाटलं नाही.  मग स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले आणि स्वतःला समजावलं की पाचव्या महिन्यात असं होतं, कारणं असतात, मी विज्ञान शिकलेली बाई आहे. काही उपयोग झाला नाही. ‘देवापुढे ठेवलेलं’ हे शब्द मी उच्चारले होते. नुसतं खोटं बोलून मी थांबले नव्हते, देवाला साक्षीला घेतलं होतं, आणि जो देव मी मानतच नव्हते त्याला मी त्या क्षणापासून घाबरायला लागले.

दोन दिवसांनी रुपाली घरी आली. बाळ ठीक होतं. डॉक्टर झोपून राहा म्हणाले. पण माझी भीती घरी गेली नाही. मी कँटीनचा चहा बंद केला. मग बिस्किटं. मग मैत्रिणीच्या घरी वाढदिवसाला जाऊन पाणी पिऊन परत आले. विचारलं कुणी तर पोट बिघडलंय म्हणायचे. त्याचा मोडलेला नेम मी पाळत होते, आणि हे आरशातल्या बाईलासुद्धा सांगायची माझी हिंमत नव्हती. फोन वाजला की आधी नाव बघायचे. वैजनाथ असला की उचलण्याआधी दोन रिंग जाऊ द्यायचे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मला ते सोसेना. फराळाचा डबा घेऊन दुपारी त्यांच्याकडे गेले. वैजनाथ रुपालीला तपासणीला घेऊन गेला होता. मुक्ताई एकटीच तांदूळ निवडत बसली होती. मी डबा ठेवला, खाली बसले आणि सगळं सांगितलं. धपाटे, कंटेनर, गूळ, खोटं. शेवटी म्हणाले, ‘‘पाप लागायचं तर मला लागू दे. बाळाला नको.’’

मुक्ताईचा हात ताटात थांबला होता.

‘‘पाप कशाचं, बाई,’’ ती हळू म्हणाली. ‘‘मी देवाला काय बी बोलले नव्हते.’’

मला कळलं नाही.

‘‘हे लेकरू सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन सोलापूर काय न् सातारा काय, कुठं बी जायलंय. सून एकटी घरात. म्हणलं, बाहेरचं खायाचंच न्हाई तर जाईल किती लांब? जेवणाच्या टायमाला घरी येईल. म्हणून घातला नेम.’’ तिने माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती. ‘‘त्यो कंटेनर किती जवळून गेला म्हणलाव?’’

मी हाताने दाखवलं. ती माझ्या दोन हातांमधल्या त्या अंतराकडे बघत राहिली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरत होता आणि तो मी तिच्यावर ठेवत होते. हे मला दिसत होतं आणि तरी मला हलकं वाटत होतं.

दार उघडलं. रुपाली आत आली, हातात तपासणीची फाइल, मागे वैजनाथ. त्याने चप्पल काढायच्या आत मुक्ताई उठली होती. माझा डबा उघडून तिने एक करंजी काढली आणि त्याच्या तोंडापाशी धरली.

‘‘खा.’’

‘‘आई, कुणाची आहे?’’

‘‘बाहेरची हाय. खा. नेम-बिम काय न्हाई. मी देवाला बोललेच नव्हते, तू घरी ऱ्हावास म्हणून थाप मारली.’’

तो मागे सरला. रुपालीच्या पोटाकडे बघितलं, मग आईकडे. ‘‘असं बोलू नको गं. आता तीनच महिने राहिलेत.’’

‘‘अरे, या बाईंनी रस्त्यात तुला बाहेरचाच गूळ चारला! काय झालं? सांग की, काय झालं?’’

ते बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. वैजनाथचा चेहरा पांढरा पडला. त्याने काय हिशोब जुळवला ते मला लख्ख दिसलं, कारण तोच हिशोब मी महिनाभर करत होते. राइड, मग आठ दिवस, मग दवाखाना.

‘‘मॅडम,’’ त्याने विचारलं, ‘‘ते रुपालीनं दिलेलं नव्हतं?’’

 तिनेच दिला म्हणावं तर रुपाली समोर उभी होती, नाही दिला म्हणावं तर तो. मी काहीच बोलले नाही, आणि ते गप्प राहणंच उत्तर होऊन बसणार होतं.

‘‘मीच दिला होता गूळ,’’ रुपाली म्हणाली. ‘‘सकाळी मॅडमच्या हातात दिला. तुम्ही विसरता म्हणून. आईंना कुठलं माहीत असायला?’’

वैजनाथने श्वास सोडला आणि सोफ्यावर बसला. दोन्ही हातांनी चेहरा पुसला. ‘‘घाबरवलंत मला,’’ असं म्हणून तो हसलाही.

रुपाली माझ्याकडे एकदाच बघून आतल्या खोलीत गेली. हातातली फाइल तिने दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरली होती, आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.