समुद्र शांत आहे

जहाजी माणसाला सुट्टीत समुद्राचं म्युझियम दाखवायला नेलं की किस्से होणारच! सिंगापुरातल्या आम्हा मराठी मरीन इंजिनिअरांकडे असे ढीगभर साठलेत. दिलीपचे मात्र सगळे एकाच दुपारचे. तो आमचा चीफ, मी त्याच्या हाताखालचा सेकंड इंजिनिअर. बरोबर त्याची बायको माधवीवहिनी आणि दहा वर्षांची ओवी.

*

पहिल्याच दालनात व्हायकिंगांची लांबलचक होडी. बसा, वल्ही मारा, तोंडावर पाणीसुद्धा उडतं! दिलीप वाकून फळ्यांखाली काहीतरी शोधत होता.

"हिचं इंजिन कुठाय?"

गाईड मुलगी गंभीरपणे म्हणाली, "सर, आज तुम्हीच!"

*

पुढे जुन्या आगबोटीचा बॉयलर. लाल दिवे, धाडधाड आवाज. दिलीपने सवयीने गेजवर टिचकी मारली.

"अरे, पाणी खाली गेलंय!"

मी व्हॉल्व्ह शोधायला धावलो की! गार्ड ओरडेपर्यंत दोघांनाही भान नव्हतं.

"ऑल फेक लाह, बाबा!" अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणून ओवी लाजून लांब जाऊन उभी राहिली.

*

एका काचेमागे कुणा खलाशाचं घरी लिहिलेलं पत्र होतं. 'हवा उत्तम आहे, काळजी नसावी.' खाली माहिती : पत्र टाकलं तेव्हाच बंदरावर वादळ घोंघावत होतं; जहाज त्याच वादळात बुडालं.

वहिनींनी ते दोनदा वाचलं. आम्ही दोघं उगाच दुसरीकडे बघत राहिलो. कारण आमचीही तीच रीत. समुद्र कसाही असो, घरी फोनवर सांगायचं, शांत आहे.

*

शेवटी वादळाची खोली. जमीन कलते, वारा, अंधार. ओवी खिदळत होती. वहिनी कठडा धरून पांढऱ्याफटक. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "असं असतं?"

दिलीप धीर द्यायला गेला. "अगं, हे तर काहीच नाही!"

झालं! मेलो, म्हटलं.

वहिनी रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "यापुढे खरं सांगणार असशील तर जा. नाहीतर मागचं जहाज शेवटचं समज."

*

पुढच्या जहाजावरही आम्ही दोघं बरोबरच होतो. एके दिवशी समुद्र खरंच खवळला. सकाळीच मला बायकोची मेल आली होती : ओवीला डेंग्यू, प्लेटलेट्स घसरल्यात, वहिनी हॉस्पिटलातच आहेत. दिलीपला कळवायचं नाही, वहिनींनी शपथ घातलीय.

दुपारी दिलीपने सॅटेलाइट फोन लावला. स्पीकरवर. मी टेबलाला धरून बाजूलाच उभा.

"माधवी, फार खवळलाय गं. कालपासून पोटात काही ठरत नाही."

मला माझीच लाज वाटली. मी त्याच मेलला 'शांत आहे' म्हणून उत्तर लिहून बसलो होतो.

"बरं केलंस सांगितलंस," वहिनी म्हणाल्या. "सांभाळून राहा."

"तिकडे कसं काय?"

"इथे सगळं शांत आहे. ओवीशी बोल."

"ऑल ओके लाह, बाबा!" आवाज बारीक होता.

दिलीपने फोन ठेवला. मला म्हणाला, "बघ, आपण खरं बोललो की घरची माणसं कशी निर्धास्त राहतात!"